समुद्राच्या गोष्टी : वाचकांचे प्रश्न – बेल रॉकचं दीपगृह

मागच्या अंकात एका वाचकांनी विचारलं होतं, "तुम्ही इतके समुद्र पाहिलेत. बांधायला सगळ्यात अवघड दीपगृह कोणतं असेल?" मी दोनच ओळींत उत्तर दिलं, की स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं बेल रॉक. त्यावर बरीच पत्रं आली आणि बहुतेकांची तक्रार एकच होती : दोन ओळींत भागवू नका. तक्रार रास्त आहे. म्हणून या वेळचं पान त्या एकाच खडकासाठी ठेवलं आहे.

दिवसातून दोनदा बुडणाऱ्या खडकावर पाया घातलाच कसा? मधल्या भरतीत सगळं वाहून जात नव्हतं का? (एक वाचक, अलिबाग)

तुम्ही किनाऱ्यावरचे आहात, तेव्हा उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती-ओहोटी) तुम्हाला समजावून सांगायला नको. बेल रॉक म्हणजे आर्ब्रोथ या बंदरापासून अकरा मैलांवर, भर समुद्रातली वालुकाश्माची एक लांबट पाठ. उधाणाच्या ओहोटीला ती चार फूट वर येते आणि भरतीला बारा फूट पाण्याखाली जाते. भांगाच्या दिवसांत तर ती धड उघडीही पडत नाही. म्हणजे महिन्यातले मोजकेच दिवस, त्यातही एका ओहोटीला फार तर दोन तास, आणि तेही समुद्र शांत असला तर. या हिशोबाने काम सुरू झालं १७ ऑगस्ट १८०७ रोजी.

पहिल्या हंगामात मिळालेला प्रत्यक्ष कामाचा वेळ पुढे मोजला गेला, तो भरला १३३ तास. दहा तासांचा दिवस धरला तर जेमतेम साडेतेरा दिवस! हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी पुस्तक खाली ठेवून बराच वेळ बसून राहिलो होतो. माझं गाव वेंगुर्ल्याजवळ. ओहोटीला कालवं काढायला गेलेल्या बायका पाण्याकडे पाठ करून कधीच बसत नाहीत, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. इथे तर माणसं पाण्याकडे पाठ करून दगड फोडत होती.

दगड फोडायचे तर टिकाव आणि छिन्न्या लागतात, आणि त्या दर थोड्या वेळाने बोथट होतात. म्हणून खडकावरच लोहाराची भट्टी मांडली होती. लोहार गुडघाभर पाण्यात उभा राहून भाता चालवायचा, एखादी लाट यायची आणि निखारे विझवून जायची. पायासाठी बेचाळीस फूट व्यासाचा खड्डा खोदायचा होता. दर ओहोटीला आधी त्यातलं पाणी पंपाने उपसायचं, मग खोदायचं, आणि पाणी परत चढू लागलं की अवजारं गोळा करून होडीत बसायचं.

माणसं राहत होती जवळच नांगरलेल्या एका जहाजावर. ते पकडून आणलेलं प्रशियन मासेमारीचं गलबत होतं. त्यावर दिवे टांगून त्याचंच तात्पुरतं दीपगृह केलं होतं. ते इतकं डोलायचं की पाथरवट, सुतार ही जमिनीवरची माणसं ओकाऱ्यांनी बेजार व्हायची आणि खडकावर उतरायला मिळालं की त्यांना सुटल्यासारखं वाटायचं. पुढे खडकावरच लाकडाच्या उंच पायांवर एक खोपटं उभं केलं. खालून भरती जायची, वर माणसं झोपायची. रविवारीसुद्धा काम चाले. स्कॉटलंडमधल्या त्या काळच्या धार्मिक माणसांना हे जड गेलं, काहींनी सुरुवातीला नकारही दिला. पण इथली तिथी समुद्र ठरवत होता.

चिरे मात्र खडकावर घडवले नाहीत. ते सगळे आर्ब्रोथच्या आवारात घडले. प्रत्येक थर आधी तिथल्या ओट्यावर पूर्ण मांडून पाहायचा, चिऱ्यांवर खुणा घालायच्या, मग सुटे करून गलबतात चढवायचे. एकूण २,८३५ चिरे, त्यातले बरेच टनभर वजनाचे. आवारातून बंदरापर्यंत हे चिरे ओढले बॅसी नावाच्या एका घोड्याने. खडकावर उतरवल्यावर ते पायापर्यंत न्यायला बिडाचे रूळ टाकले होते. त्या रुळांचे अवशेष अजून तिथे आहेत.

पहिला चिरा १० जुलै १८०८ला बसला. त्या वर्षी चारच थर झाले. १८०९च्या हंगामाअखेर बुरूज तीस फुटांवर गेला, आणि ३० जुलै १८१०ला शेवटचा चिरा बसला. नव्वद थर आहेत. "वाहून जात नव्हतं का" हा तुमचा प्रश्न. अवजारं गेली, खोपटाची खालची फळी गेली. एकदा बसवलेला चिरा मात्र बसलाच.

काम करताना माणसं कधी खडकावर अडकली होती का? (इयत्ता आठवीतली एक वाचक, नाशिक)

हो बाळ, अडकली होती. तारीख २ सप्टेंबर १८०७. ही गोष्ट मी तुला नीट सांगतो, कारण माझ्या मते त्या खडकाची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

त्या दिवशी खडकावर बत्तीस माणसं होती. त्यांना घेऊन आलेलं 'स्मीटन' नावाचं गलबत वाऱ्याने नांगरासकट सुटलं आणि वाहत लांब गेलं. भरतीच्या आत ते परत येणं शक्य नव्हतं. खडकाशी उरल्या दोन होड्या, आणि त्या हवेत एका होडीत आठच माणसं धडपणे बसली असती. आता तूच हिशोब कर. सोळा माणसं उरतात, आणि थोड्या वेळाने त्यांच्या पायाखालचा खडक बारा फूट पाण्यात जाणार.

कामावरच्या इंजिनिअरचं नाव रॉबर्ट स्टीव्हन्सन, वय पस्तीस. गलबत सुटलेलं त्याला दिसलं होतं, पण बाकीचे मान खाली घालून दगड फोडत होते, भट्टी धडधडत होती. त्याने त्यांना काही सांगितलं नाही. पाणी चढलं, काम थांबलं, माणसं होड्यांकडे वळली, आणि तेव्हा त्यांना कळलं. कुणी ओरडलं नाही. सगळे गप्प उभे राहून त्याच्याकडे बघत राहिले. त्याने बोलायला तोंड उघडलं, पण घसा असा कोरडा पडला होता की शब्दच फुटेना. खडकाच्या खळग्यातलं पाणी ओंजळीने तोंडाला लावावं म्हणून तो वाकला, आणि तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "होडी! होडी!"

जेम्स स्पिंक नावाचा आर्ब्रोथचा वाटाड्या तांडेल त्या दिवशी पत्रांची थैली घेऊन खडकाकडे येत होता. योगायोगाने आला, आणि बत्तीस जीव वाचले. दुसऱ्या दिवशी पुन्हा खडकावर जायची वेळ आली तेव्हा बरेच जण होडीत चढले नाहीत. मी त्यांना भित्रे म्हणणार नाही आणि तूही म्हणू नकोस. स्टीव्हन्सन जे आले त्यांना घेऊन गेला, आणि हळूहळू बाकीचेही परतले.

लाटा एवढ्या आदळूनही बुरूज पडत कसा नाही? नुसत्या वजनावर उभा आहे का? (एक निवृत्त स्थापत्य अभियंता, पुणे)

वजन आहेच, दोन हजार टनांहून जास्त. पण नुसतं वजन पुरत नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. गंमत चिऱ्यांच्या आकारात आहे. सुतार ड्रॉवरचे कोपरे जोडताना पंख्याच्या आकाराचे दात एकमेकांत अडकवतो, तो डव्हटेल सांधा. तसेच प्रत्येक थरातले चिरे एकमेकांत अडकवलेले आहेत. एक चिरा बाहेर ओढायचा तर शेजारचे सगळे सोबत यायला हवेत. चुना वाळेपर्यंत थर हलू नये म्हणून ओकच्या लाकडी खुंट्या ठोकल्या. आणि चुना तरी कसला? इटलीतून आणलेली पोझोलाना नावाची ज्वालामुखीची माती, वेल्समधल्या अबरथॉचा चुना आणि वाळू. हे मिश्रण पाण्याखालीही घट्ट होतं.

खालचे तीस फूट बुरूज भरीव आहे, आत पोकळी नाही. दरवाजा त्याच्या वर, शिडीने चढून जायचा. बाहेरून पाहिलं तर तळ बेचाळीस फूट रुंद आणि माथा पंधरा फूट, मध्ये झाडाच्या बुंध्यासारखा आत वळत जाणारा आकार. लाट आदळून फुटण्याऐवजी त्या वळणावरून वर चढते आणि आपला जोर तिथेच खर्च करते. ही कल्पना आधीची, जॉन स्मीटन या इंजिनिअरची. इंग्लंडच्या एडीस्टोन खडकावर १७५९ साली त्याने दीपगृह उजळलं, तेव्हा ओकच्या झाडावरून हा आकार घेतला होता. वर सांगितलेल्या गलबताला त्याचंच नाव दिलं होतं. स्टीव्हन्सनने पुढे एक सुधारणा केली. खोल्यांच्या जमिनीच्या फरशा त्याने भिंतीच्या चिऱ्यांमध्येच गुंतवल्या, म्हणजे जमीन भिंतीला बाहेर ढकलण्याऐवजी आतून बांधून ठेवते.

इंटरनेटवर कुठे इंजिनिअर म्हणून जॉन रेनीचं नाव दिसतं, कुठे स्टीव्हन्सनचं. खरं कोण? (एक वाचक, सोलापूर)

कागदावर मुख्य इंजिनिअर रेनी, आणि त्याच्या हाताखाली प्रत्यक्ष कामावर स्टीव्हन्सन. रेनी लंडनच्या वॉटर्लू पुलासारखी मोठी कामं करणारा माणूस होता. तळाचा घेर आणि वळण यांबाबत त्याचा सल्ला मोलाचा ठरला. पण तो खडकावर फार थोड्या वेळा गेला. चारही हंगाम तिथे राहिला तो स्टीव्हन्सन. हा वाद पुढे दोघांच्या मुलांपर्यंत गेला. माझं मत विचाराल तर ज्याचा घसा त्या दिवशी कोरडा पडला, दीपगृह त्याचं. आणि त्याच्याबरोबर लोहाराचं, स्पिंकचं आणि बॅसीचंही.

विजेच्या आधी दिवा कसा लावत? आणि लांबून ओळखत कसे, की हाच बेल रॉक? (एक वाचक, बेळगाव)

दिवा पहिल्यांदा लागला १ फेब्रुवारी १८११ या दिवशी. आत चोवीस तेलदिवे होते, व्हेल माशाच्या तेलावर जळणारे. प्रत्येकाच्या मागे तांब्याचा, वरून चांदीचा मुलामा दिलेला खोलगट आरसा. सगळे दिवे एका चौकटीवर बसवलेले आणि ती चौकट सावकाश फिरायची. फिरवणारं यंत्र घड्याळासारखं होतं. साखळीला टांगलेलं वजन बुरुजाच्या पोटात खाली खाली उतरत जायचं आणि चाकं फिरवायचं. वजन तळाला पोचायच्या आत पहारेकऱ्याने चावी देऊन ते पुन्हा वर ओढायचं. रात्रभर हेच. धुकं पडलं की हेच यंत्र घंटाही वाजवायचं.

तुमचा दुसरा प्रश्न मला फार आवडला, कारण जहाजावर आमचं अर्धं आयुष्य याच प्रश्नात गेलं. दिवा दिसणं पुरेसं नाही, कोणता दिवा ते कळायला हवं. दक्षिणेला मे बेटावर तेव्हा कोळशाचा जाळ पेटवत, तोही रात्री लांबून उजेडाचा एक ठिपकाच दिसणार. दोन्हींत गल्लत झाली तर जहाज थेट खडकावर. म्हणून स्टीव्हन्सनने काही दिव्यांपुढे लाल काच बसवली. एकदा पांढरा, एकदा लाल, मग पुन्हा पांढरा. हा क्रम दिसला की खलाशाने समजायचं, हाच बेल रॉक.

ते जुने आरसे पुढे कॅनडात गेले. न्यूफाउंडलंडच्या केप बोनाव्हिस्टाच्या दीपगृहात १८४३ साली ते पुन्हा लागले. एका समुद्रावर काम संपलं म्हणून चांगली वस्तू मोडीत काढली नाही, याचं मला फार बरं वाटतं.

तिथे राहणाऱ्यांचं घर-संसार कसं चालायचं? (एक गृहिणी, चिपळूण)

बुरुजात एकावर एक खोल्या. दरवाजाच्या वर शिधा, त्यावर तेलाचं कोठार, मग स्वयंपाकघर, मग झोपायची खोली, मग पाहुण्यांसाठी आणि वाचनासाठी एक घुमटाकृती खोली, आणि सगळ्यात वर दिवा. सगळं गोल. कपाटंसुद्धा भिंतीच्या वळणाप्रमाणे वाकवलेली. नोकरीवर चार माणसं, त्यातली तीन खडकावर आणि एक किनाऱ्यावर. सहा आठवडे तिकडे, मग दोन आठवडे घरी. समुद्र खवळला तर सहाचे किती होतील याला धरबंध नाही.

घरं आर्ब्रोथला. बंदराजवळ १८१३ साली पांढरा सिग्नल टॉवर बांधला, त्याच्या आवारात या माणसांची कुटुंबं राहत. रोज सकाळी खडकावरून तांब्याचा गोळा वर चढवायचा, म्हणजे 'सगळं ठीक आहे'. किनाऱ्यावरूनही गोळा चढवून उत्तर द्यायचं. गोळा चढला नाही तर किनाऱ्यावरची माणसं मदतीच्या तयारीला लागत. आणि घरी बाळ झालं तर? मुलगा झाला तर टॉवरच्या काठीवर पँट चढवायची, मुलगी झाली तर परकर, असं तिथे सांगतात. बाप अकरा मैलांवरून दुर्बिणीतून ते बघायचा. मी २०१२ साली त्या टॉवरमधल्या संग्रहालयात गेलो होतो. मुलगी एडिनबराला असते, तिच्याबरोबर. ती जन्मली तेव्हा मी अटलांटिकात होतो, आणि मला बातमी नवव्या दिवशी कळली. त्या काठीपाशी आम्ही दोघं बराच वेळ उभे होतो.

जीपीएस आल्यावर दीपगृहं कशाला ठेवायची? नुसता खर्चच ना? (एक वाचक, ठाणे)

याचं उत्तर मी एका रात्रीने देतो. पहिलं महायुद्ध चालू होतं. शत्रूला वाट सापडू नये म्हणून बेल रॉकचा दिवा एरवी विझवलेला असे, आरमाराने मागणी केली तरच लावायचा. २८ ऑक्टोबर १९१५च्या पहाटे 'आर्गाइल' ही ब्रिटिश क्रूझर, म्हणजे मोठी युद्धनौका, वादळातून उत्तरेला येत होती. कप्तानाने दिवा लावण्याची विनंती पाठवली होती. पण दीपगृहावर वायरलेस नव्हता, आणि निरोप वर पोचलाच नाही. जहाज सरळ खडकावर चढलं. दोन विनाशिकांनी वादळात जवळ जाऊन सगळ्या ६५५ माणसांना काढलं, पण जहाज गेलं. त्याचे अवशेष आजही तिथे पाण्याखाली आहेत. शंभर वर्षं जळलेला दिवा त्या रात्री नव्हता, एवढंच घडलं होतं.

आता माझा अनुभव. १९७७ साली मी मालवाहू जहाजावर थर्ड मेट, म्हणजे कनिष्ठ अधिकारी होतो. कलकत्त्याहून ताग भरून आम्ही स्कॉटलंडमधल्या डंडी बंदराला निघालो होतो. तिथल्या गिरण्या आपल्याकडच्या तागावर चालत आणि अशी जहाजं पिढ्यान् पिढ्या त्या वाटेने गेलेली. टे नदीच्या मुखाकडे वळायच्या आधी बेल रॉक लागतो. माझा पहारा, अंगाला झोंबणारा गारठा, रडारच्या पडद्यावर पावसाच्या सरींमुळे नुसता चुरमुरा पसरलेला. कप्तान शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "यंत्र सांगतंय ते ऐक, पण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही करू नकोस." मी स्टॉपवॉच हातात धरून अंधारात बघत होतो. दिवा दिसला, मी सेकंद मोजले, चार्टवरच्या नोंदीशी ताडून पाहिले, मग पुन्हा एकदा मोजले, आणि मगच नकाशावर पेन्सिल टेकवली. तेव्हा त्या बुरुजात माणसं होती, जागी होती. उपग्रहाचा संदेश बिघडू शकतो, मुद्दाम बिघडवलाही जातो. खडकावरचा दिवा खडकावरच असतो. त्याचा खर्च मला कधीच जास्त वाटला नाही.

आपल्याकडे असं दीपगृह आहे का? (याच अर्थाची अनेक पत्रं)

समुद्रातली आहेत. मुंबईत कुलाब्याच्या टोकापुढे खडकांच्या रांगेवरचं प्रॉंग्जचं दीपगृह थॉमस ऑर्मिस्टनने १८७५ साली बांधलं. लांबून पाहिलं तर तेही पाण्यातूनच उगवलेलं दिसतं. पण ओहोटीला तिथे किनाऱ्यावरून चालत जाता येतं. थळच्या समोर खांदेरीवर १८६७पासून दीपगृह आहे, आज ते कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखलं जातं. पण खांदेरी हे बेट आहे, तिथे महाराजांनी १६७९ साली किल्ला उभारायला घेतला, तोही इंग्रज आणि सिद्दीच्या नाकावर टिच्चून. २०२५ साली तो किल्ला जागतिक वारसा यादीत गेला. बेटावर माती असते, गोडं पाणी असतं, वेताळाचं देऊळ असतं. बेल रॉकवर दिवसातून दोनदा काहीच नसतं. तुलना करायची असेल तर हा फरक लक्षात ठेवा. खांदेरीबद्दल पुढच्या अंकात सविस्तर लिहीन, तिथल्या तटबंदीसाठी एक पान पुरणार नाही.

तिथे आता कोण असतं? जाता येतं का? (एक वाचक, डोंबिवली)

२६ ऑक्टोबर १९८८पासून कुणी नसतं. दिवा आपोआप लागतो, लक्ष एडिनबराहून ठेवतात. आत जायला मिळत नाही. हवा चांगली असेल तर आर्ब्रोथ बंदरातून निघणाऱ्या होड्या खडकाभोवती फेरी मारून आणतात, खालच्या थरांवर सील पहुडलेले दिसतात. ते जमलं नाही तर संध्याकाळी सिग्नल टॉवरजवळच्या धक्क्यावर जा आणि आग्नेयेकडे बघत थांबा. आता लाल काच नाही, फक्त पांढरा, दर पाच सेकंदांनी एकदा. पहिल्यांदा दिसला की लगेच परत फिरू नका. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा मोजा. पाच आले तर तोच.